पेण-रोह्यात कडाक्याची थंडी नाही, तरी जुनी कार सकाळी सुरू का होत नाही?

पेण आणि रोह्यात सकाळचा पारा शून्याजवळ कधीच जात नाही. तरीही शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जुनी मारुती ८०० सकाळी सेल्फ मारला की नुसतीच गुरगुरते. याला 'कोल्ड स्टार्ट'ची अडचण म्हणतात. यातलं 'कोल्ड' हे हवामानाबद्दल नसून इंजिनाबद्दल आहे. चालू इंजिन साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसवर काम करतं. रात्रभरात ते हवेइतकं गार होतं. २० अंशांची सकाळ आपल्याला छान वाटते, इंजिनासाठी मात्र ती थंडच.

नेमकं अडतं कुठे?

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. गरम इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेमागे १ भाग पेट्रोल पुरतं. गार इंजिनात मात्र पेट्रोलचा बराचसा भाग आतल्या भिंतींवर थेंब होऊन चिकटतो आणि सिलिंडरपर्यंत वाफ कमी पोचते. ही तूट भरून काढण्यासाठी 'चोक' असतो. तो ओढला की मिश्रणात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कॉम्प्युटर हे काम करतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते बहुतेक वेळा चालकालाच करावं लागतं.

कोकणात आणखी काय घडतं?

• गाडी उभी राहणे: कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल काही दिवसांत उडून जातं. इंजिनावर चालणाऱ्या पंपाला ती पुन्हा भरायला वेळ लागतो.
• पावसाळा: दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि प्लगच्या वायरींवर ओल धरते. मग ठिणगी कमजोर पडते.
• इथेनॉल: ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि ते ओलावाही शोषतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नसतात.

सुरू करण्याची योग्य पद्धत

१. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि चोक पूर्ण ओढा.
२. अ‍ॅक्सिलरेटर एक-दोनदाच दाबून सोडा.
३. सेल्फ ५ ते ७ सेकंद मारा. मग अर्धा मिनिट थांबा, म्हणजे बॅटरी आणि सेल्फची मोटर दोन्ही वाचतील.
४. इंजिन लागल्यावर ते गरम होईल तसा चोक हळूहळू आत ढकला.

पेट्रोलचा उग्र वास आला तर गाडी 'ओव्हरफ्लो' झाली आहे असं समजा. अशा वेळी चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. जास्तीची हवा जादा पेट्रोल बाहेर काढते.

तरीही लागत नाही?

एक प्लग काढून पाहा:

• कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. पंप, फिल्टर आणि पाइप तपासा.
• पेट्रोलने ओला असेल तर गाडी ओव्हरफ्लो झालेली आहे किंवा ठिणगी नाही. पॉइंट, कंडेन्सर, टोपी आणि वायरी पाहा.
• काजळी असेल तर चोक जास्त वेळ ओढलेला राहतो किंवा एअर फिल्टर तुंबलेला आहे.

चोक ओढूनच गाडी चालवत राहिल्यास पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि इंजिनाची झीज वाढते.

हे टाळाच

कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची जुनी सवय धोकादायक आहे. इंजिनाने उलटा भडका मारला तर बॉनेटखाली आग लागू शकते. बंद शेडमध्ये इंजिन गरम करत ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

गाडी रोज लागत नसेल तर आठवड्यातून एकदा ती चांगली गरम होईपर्यंत फिरवून आणा. बॅटरी चार्ज होते, पेट्रोल शिळं होत नाही आणि वायरिंगमधली ओलही सुकते.