कोल्हासचे दोन घोडे

बर्लिनलगतच्या क्योल्न येथील व्यापारी हान्स कोल्हाझे १५३२ साली लाइपझिगच्या जत्रेस निघाला असता सॅक्सनीतील एका सरदाराच्या माणसांनी त्याचे दोन घोडे अडकवून ठेवले. दाद लागेना, तेव्हा त्याने सॅक्सनीशी उघड वैर मांडले. १५४० साली बर्लिनमध्ये त्याला देहान्त शासन झाले. या हकीकतीवरून हाइन्रिख फॉन क्लाइस्टने १८१० साली 'मिखाएल कोल्हास' ही दीर्घकथा प्रसिद्ध केली.

तिचा शेवट विलक्षण आहे. कोल्हासला त्याचे घोडे धष्टपुष्ट स्थितीत परत मिळतात, अपराधी सरदाराला दोन वर्षांची कैद होते, आणि त्याच दिवशी जाळपोळीबद्दल कोल्हासचा शिरच्छेद होतो. फिर्यादी आणि अपराधी या दोन्ही नात्यांनी त्याचा न्याय होतो. तो समाधानाने मरतो.

ई. एल. डॉक्टरो यांच्या 'रॅगटाइम' (१९७५) या कादंबरीने ही कथा विसाव्या शतकारंभीच्या अमेरिकेत नेली. तीवरील टेरेन्स मॅकनॅली यांची संगीतिका १९९६ साली टोरांटोत आणि १९९८ साली ब्रॉडवेवर आली. येथे घोड्यांच्या जागी फोर्ड मोटार आहे, कोल्हासच्या जागी कृष्णवर्णी पियानोवादक कोलहाउस वॉकर. कोल्हासची पत्नी राज्यकर्त्या इलेक्टरकडे अर्ज घेऊन जाते आणि पहारेकऱ्याच्या आघाताने मरते. कोलहाउसची सारा अशाच प्रयत्नात प्राणांस मुकते. त्यातूनच दोघांचाही सूड पेटतो.

शेवट मात्र बदलतो. शरण येणाऱ्या कोलहाउसला गोळ्या घातल्या जातात. त्याच्यासाठी न्यायासन भरतच नाही. कोल्हास कायद्याच्या हातून मरतो, कोलहाउस कायद्यावाचून. या रूपांतराने आधुनिक युगावर ठेवलेला ठपका या एका फरकात आहे.