गर्भ टिकावा म्हणून

माझ्या खालाच्या मुलीचं पहिलं पोट आठव्या आठवड्यात पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा दिसल्या तेव्हा आनंदाआधी तिच्या पोटात भीतीचा गोळा आला. सासूबाईंनी दर्ग्यावरून तावीज आणला, शेजारच्या भाभीने ‘टिकायची गोळी’ सुचवली. जिना चढू नकोस, वाकू नकोस, पपई खाऊ नकोस, असं सांगणारे तर सगळेच होते. संध्याकाळी तिचा मला फोन आला, “भाईजान, तुम्ही इतकं वाचता. ही हार्मोनची गोळी घेऊ का नको? डॉक्टरकडे उद्या जायचंय, पण आधी मला कळायला तरी हवं.”

मी डॉक्टर नाही. गोळी घे किंवा घेऊ नको असं सांगणं माझं काम नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. पण तिच्या प्रश्नामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो प्रत्येक घराने एकदा ऐकावा असा आहे. गर्भ टिकवण्याच्या आशेने बायकांनी काय काय घेतलं, डॉक्टरांनी काय काय दिलं आणि त्यातलं खरं किती निघालं, त्याची ही हकिगत.

पिवळा पिंड आणि मेक्सिकोचा कंद

अंडाशयातून बीज बाहेर पडलं की त्याच्या जागी एक छोटा पिवळसर पिंड तयार होतो. तो कशासाठी असतो हे बराच काळ कुणाला ठाऊक नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेसलाऊ शहरात लुडविग फ्रेंकेल यांनी गाभण सशांचे हे पिंड काढून टाकून पाहिले. गर्भ टिकले नाहीत. म्हणजे गर्भाशयाला आधार देणारं काहीतरी या पिंडातून पाझरत होतं. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी त्या पिंडाचा अर्क काढला. पिंड काढलेल्या सशांना तो टोचला तर गर्भ टिकत होता. १९३४ मध्ये त्यातलं शुद्ध द्रव्य वेगळं झालं. त्याचं नाव प्रोजेस्टेरॉन.

अडचण होती ती मिळवण्याची. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांना हजारो डुकरिणींची अंडाशयं गोळा करून काही मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन मिळालं होतं. एवढं महाग औषध सामान्य बाईपर्यंत कसं पोहोचणार? तो प्रश्न रसेल मार्कर नावाच्या हट्टी रसायनशास्त्रज्ञाने सोडवला. मेक्सिकोच्या जंगलात उगवणाऱ्या एका रानकंदापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि १९४४ मध्ये मेक्सिको शहरात त्याचा कारखाना उभा राहिला. हार्मोन स्वस्त होण्याची सुरुवात इथून झाली.

पण तोवर दुसऱ्याच एका हार्मोनने बाजार काबीज करायला सुरुवात केली होती.

बोस्टनचं जोडपं

१९३८ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं. नाव लांबलचक म्हणून सगळे त्याला ‘डीईएस’ म्हणत. ते तोंडाने घेता येत होतं, बनवायला स्वस्त होतं आणि त्यावर पेटंट नव्हतं. त्यामुळे अनेक कंपन्यांनी ते विकायला घेतलं.

बोस्टनमध्ये जॉर्ज स्मिथ आणि ऑलिव्ह स्मिथ हे नवरा-बायको गर्भारपणातल्या हार्मोन्सवर काम करत होते. गर्भ बिघडण्याआधी बाईच्या शरीरातले हार्मोन कमी होतात, असं त्यांना दिसलं होतं. त्यावरून त्यांनी तर्क लावला, की डीईएस दिलं तर शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जास्त बनवेल आणि गर्भ वाचेल. सहाव्या-सातव्या आठवड्यात रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि वाढवत वाढवत पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत १२५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. १९४८ मध्ये त्यांनी ६३२ गर्भारपणांचा अनुभव छापला. निकाल उत्साहाचे होते.

हे जोडपं लबाड नव्हतं. त्यांच्याकडे येणाऱ्या बाया गर्भ गमावलेल्या, घाबरलेल्या होत्या, आणि गोळ्या घेतल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी बाळ घेऊन घरी जात होत्या. डोळ्यांसमोर हे घडत असताना औषधाचा गुण आला असं कुणाला वाटणार नाही? पण एक प्रश्न राहून गेला होता. गोळी घेतली नसती तर यातल्या किती जणींना बाळ झालं असतं?

शिकागोची परीक्षा

हा प्रश्न शिकागोच्या विल्यम डिकमन यांनी विचारला. त्यांच्या इस्पितळात १९५० च्या सुमारास सोळाशेहून अधिक गर्भवतींचे दोन गट केले गेले. एका गटाला डीईएस, दुसऱ्या गटाला अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. १९५३ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांत गर्भपाताच्या प्रमाणात फायदा म्हणावा असा काहीच फरक नव्हता. पुढे याच आकड्यांचा दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा औषधाने उलट नुकसानच झालं असावं असं दिसलं.

या परीक्षेचीही एक काळी बाजू आहे. आपल्याला काय दिलं जातंय हे त्या बायांना सांगितलेलं नव्हतं. पुढे त्यांच्यातल्या काही जणी त्यासाठी कोर्टात गेल्या. सत्य शोधणाऱ्यांनीही बाईला विचारायची तसदी घेतली नाही, हे विसरून चालणार नाही.

इतका स्वच्छ निकाल आल्यावर औषध बंद व्हायला हवं होतं. झालं नाही. औषध गुणकारी आहे हे सिद्ध करण्याची सक्ती अमेरिकेच्या कायद्यात १९६२ साली आली. त्याआधी कंपन्यांनी जाहिराती चालूच ठेवल्या. पहिला गर्भ गमावलेल्यांसाठी असलेली गोळी पुढे सगळ्याच गर्भवतींना सुचवली जाऊ लागली. डॉक्टरांनाही वाटायचं, बाई रडत समोर बसली आहे, हातात गोळी आहे, देऊन टाकू, अपाय तर काही नाही.

अपाय आहे हे कळायला अठरा वर्षं लागली, आणि तो दिसला पुढच्या पिढीत.

एका आईचा प्रश्न

१९६० च्या दशकाअखेरीस बोस्टनच्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. योनीमार्गाचा एक विशिष्ट कर्करोग, जो तरुण मुलींत जवळपास पाहायलाच मिळत नसे, तो पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींमध्ये दिसत होता. कारण सापडेना. अशाच एका मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारलं, “ही पोटात असताना मी स्टिलबेस्ट्रॉल घेतलं होतं, त्याचा याच्याशी संबंध असेल का?”

डॉक्टरांनी तो प्रश्न उडवून लावला नाही. आर्थर हर्बस्ट, हॉवर्ड उल्फेल्डर आणि डेव्हिड पॉस्कॅन्झर यांनी आठ रुग्णांची चौकशी केली आणि प्रत्येकीशी तुलनेसाठी चार निरोगी मुली घेतल्या. आठपैकी सात मुलींच्या आयांनी गर्भारपणात डीईएस घेतलं होतं. तुलनेतल्या बत्तीस मुलींपैकी एकीच्याही आईने घेतलं नव्हतं. हा निबंध एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना डीईएस देऊ नये असं डॉक्टरांना कळवलं. युरोपातल्या काही देशांत ते त्यानंतरही काही वर्षं चालूच होतं.

कर्करोग झालेल्या मुली थोड्या होत्या, साधारण हजारात एक. पण इतर अनेकींच्या गर्भाशयाचा आकार बदललेला निघाला. या मुली मोठ्या झाल्या, त्यांना दिवस राहिले, तेव्हा त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. आईचा गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या गोळीने लेकीचा गर्भ टिकणं अवघड केलं.

आपल्या देशातली गोष्ट

हे सगळं दूरदेशी घडलं असं वाटत असेल तर आपल्याकडचंही थोडं आठवूया. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचं भरपूर मात्रेचं मिश्रण आपल्या औषध दुकानांत कित्येक वर्षं विकलं जात होतं. पाळी चुकली की ते घ्यायचं. रक्त आलं तर दिवस नाहीत, नाही आलं तर आहेत, अशी ती ‘चाचणी’. कित्येक बायांनी ते गर्भ पाडण्यासाठीही घेतलं. बाळात व्यंग येण्याची शंका जगभर घेतली जात होती. १९८२ मध्ये सरकारने बंदीचा आदेश काढला, कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली. स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी सहा वर्षं चिकाटीने लढा दिला, जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली. त्या काळात ज्या आयांनी या गोळ्या घेतल्या, त्या आज आपल्याच घरांत आजी झालेल्या आहेत.

मग प्रोजेस्टेरॉनचं काय?

इथवर ऐकल्यावर बहीण म्हणाली, “म्हणजे हार्मोन घ्यायचंच नाही ना?” नाही, इतिहास तसं सांगत नाही. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन होतं. प्रोजेस्टेरॉन शरीर स्वतः बनवतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाला त्याची गरज असते, यात शंका नाही. १९७० च्या दशकात आर्पाद चापो यांनी दाखवलं, की साधारण सातव्या आठवड्यापर्यंत गर्भ त्या पिवळ्या पिंडावर अवलंबून असतो, मग हळूहळू वार ते काम हातात घेते. पण गरज आहे म्हणून वरून दिलेल्याचा उपयोग होईलच असं नाही. त्यासाठी पुन्हा शिकागोसारखीच परीक्षा हवी होती, या वेळी बायांना सगळं सांगून, त्यांची संमती घेऊन.

ती झाली. अरी कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये, कारण न सापडता तीन किंवा अधिक गर्भ गमावलेल्या ८३६ स्त्रियांनी भाग घेतला. २०१५ मध्ये निकाल आला. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्के जणींना जिवंत बाळ झालं, नुसतीच गोळी घेतलेल्यांपैकी ६३.३ टक्के. फरक इतका कमी, की तो योगायोगही असू शकतो.

यातला दुसरा आकडा नीट पाहा. तीन-तीन गर्भ गमावलेल्या बाया, कुठलंही औषध नाही, तरी शंभरात त्रेसष्ट जणींच्या मांडीवर बाळ. स्मिथ जोडप्याला जो चमत्कार दिसला होता, त्याचं उत्तर इथे आहे. बहुतेक बायांना पुढच्या वेळी बाळ होतंच. मधे तावीज असेल तर श्रेय तावीजला जातं, गोळी असेल तर गोळीला.

दुसरी परीक्षा २०१९ मध्ये पूर्ण झाली. ब्रिटनच्या ४८ इस्पितळांत, पहिल्या बारा आठवड्यांत रक्तस्राव होणाऱ्या ४,१५३ स्त्रिया. एकूण हिशेबात ७५ विरुद्ध ७२ टक्के, म्हणजे ठाम काही म्हणता येईना. पण आत डोकावलं तर चित्र वेगळं होतं. आधी एकही गर्भ न गमावलेल्यांना काही फायदा नव्हता. ज्यांचा आधी एक किंवा जास्त वेळा गर्भपात झाला होता, त्यांच्यात ७५ विरुद्ध ७० टक्के. आणि ज्यांचे तीन किंवा जास्त गर्भ गेले होते, त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७ टक्के. याच आधारावर २०२१ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. आधी गर्भपात झालेला असेल आणि या खेपेस रक्तस्राव होत असेल, सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच दिसत असेल, तर प्रोजेस्टेरॉन द्यावं, आणि बाळाचे ठोके दिसले तर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं.

ऐंशी-नव्वद वर्षांच्या धडपडीतून हाती आलेलं उत्तर एवढंसं आहे. ते काही बायांना, काही परिस्थितीत, थोडी मदत करतं. पण ते तपासून घेतलेलं आहे, आणि त्यामुळे त्यावर विश्वास ठेवता येतो.

बहिणीला काय सांगितलं

तिला म्हटलं, उद्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचार. ही गोळी नक्की कोणती? माझ्या बाबतीत ती का द्यायची? आणि नाही घेतली तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही. आणि रक्त दिसलं किंवा पोटात दुखलं तर फोन करत बसू नको, सरळ दवाखाना गाठ.

आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या काळात पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. असा गर्भ कुठल्याही हार्मोनने टिकत नाही. जिना चढल्याने तो गेला नाही, पपईने गेला नाही, कुणाची नजर लागून गेला नाही. “तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं,” असं मी म्हटलं तेव्हा फोनवर बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. मग ती हळूच म्हणाली, “भाईजान, हे मला वर्षभरात कुणीच सांगितलं नव्हतं.”

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं. रक्तस्राव नव्हता. त्यांनी गोळी दिली नाही, दोन आठवड्यांनी सोनोग्राफीला बोलावलं आणि मधे काही वाटलं तर केव्हाही या म्हणाल्या. सासूबाईंचा तावीज तिने दंडावर बांधून ठेवला. मी त्यावर काही बोललो नाही. त्यात सासूबाईंची माया होती, आणि मायेने कुणाच्या लेकीबाळींना अपाय होत नाही.