द्राक्षांच्या वाटेवरची वेस

आमच्या घरी द्राक्षाचा अर्क म्हणजे द्राक्षासव. तेही वैद्यांनी सांगितले तर, आणि चमच्याने मोजून. नाशिकजवळ द्राक्षबागांच्या शेजारी उभा जन्म गेला, पण त्यापलीकडे मजल गेली नव्हती. त्यामुळे जर्मनीत नोकरीला असलेला पुतण्या, "काका, ऑक्टोबरात या, वाइनच्या रस्त्याने मोटारीतून फ्रान्सला जाऊ," असे म्हणाला, तेव्हा सौभाग्यवतींच्या कपाळावर आठी चढली. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही, या अटीवर आम्ही निघालो.

बोकेनहाइमपासून श्वायगेनपर्यंतचा हा 'जर्मन वाइन मार्ग' सुमारे ८५ किलोमीटरचा. नॉयश्टाटजवळ टेकडीवर हाम्बाखचा किल्ला दिसतो. १८३२ च्या मे महिन्यात हजारो माणसे काळे, तांबडे आणि सोनेरी निशाण घेऊन तो चढली आणि त्यांनी स्वातंत्र्य व अखंड जर्मनी मागितली. त्यांत जकातींनी गांजलेले द्राक्षमळेवालेही होते. माल बाहेर नेताना नाक्यानाक्यावर पैसे मोजावे लागत, तेव्हा सरहद्द पुसली जावी असे त्यांना वाटणारच.

वाटेत एका मळ्यावर थांबलो. पुढ्यात आली ती 'फेडरवायसर', म्हणजे अजून आंबत असलेली गढूळ कोवळी वाइन. बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, नाहीतर फुटेल. सोबत कांद्याचा गरम खमंग पाव. मला आपली नीरा आठवली. तिच्यासारखीच ही राहिली की चढते! सौभाग्यवतींनी ताजा द्राक्षरस मागितला, आणि तो मिळालाही.

श्वायगेनला रस्त्याच्या शेवटी दगडी वेस उभी आहे. तिच्यासमोर फोटो काढून लोक पुढे जातात. आम्हीही काढला; मग तिची कथा कळली. १९३४ चे पीक उदंड आले, पण माल पडून राहू लागला. त्याचे एक कारण नाझी राजवटच होती: या भागातल्या वाइनच्या व्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता आणि त्यांना तिने धंद्यातून हुसकून लावले होते. मग गिऱ्हाईक खेचण्यासाठी १९३५ च्या ऑक्टोबरात हा रस्ता जाहीर झाला, आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या तोंडावर ही वेस उभी राहिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माल विकला, त्यांना घालवून त्यांच्या जागी कमान! घेतलेला घोट घशात अडकला.

तिथून फ्रान्स पायी गाठावा इतका जवळ. श्वायगेनच्या कित्येक मळेवाल्यांच्या बागा फ्रान्सच्या हद्दीत आहेत. द्राक्षे तिकडे पिकतात, रस इकडे निघतो. पलीकडचे विसेंबूर गाव ४ ऑगस्ट १८७० च्या लढाईने इतिहासात गेले. त्या युद्धानंतर १८७१ मध्ये आल्सास जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने बळकावला आणि १९४५ पर्यंत पुन्हा फ्रेंच झाला. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा घराचा उंबरठा न ओलांडता चारदा देश बदललेला! १९४२ पासून तर आल्सास आणि मोझेलच्या लाखाहून अधिक तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केले; त्यांतले हजारो परतलेच नाहीत.

क्लीबूरला आमचा शेवटचा मुक्काम. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ही सीमेवरची गावे रिकामी केली गेली आणि बागा उजाड झाल्या. परतलेल्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये सहकारी संस्था काढली. एकट्याच्या आवाक्यात नव्हते ते दहा हातांनी उभारले. सहकाराचे मोल महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तिथल्या गृहस्थांनी 'पिनो ग्री' पुढे केली. पुतण्या म्हणाला, "काका, पलीकडे याच द्राक्षाला 'ग्राउबुर्गुंडर' म्हणतात." वेल एक, नावे दोन.

मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचे लक्झेंबुर्गमधले छोटे गाव आहे, तेही द्राक्षांचेच. सीमेवरची तपासणी उठवण्याचा करार १४ जून १९८५ रोजी तिथे झाला आणि १९९५ मध्ये नाके सुटले. पण २०२४ मध्ये जर्मनीने फ्रान्सच्या हद्दीवर तपासणी पुन्हा सुरू केली. परतताना आम्हांलाही एका पोलिसाने थांबवले, पासपोर्ट पाहिले, सोडले. दोन मिनिटांचे काम.

पण त्या दोन मिनिटांत माझ्या मनात त्या म्हाताऱ्याचे चार देश येऊन गेले. पुतण्याने गाडी सुरू केली. मागे बाटल्या किणकिणत होत्या: एक अलीकडची, एक पलीकडची, द्राक्ष मात्र तेच.