‘तित्र’ म्हणजे कस : अनुमापनाच्या परिभाषेविषयीं एक टिपण

ज्ञात तीव्रतेचें द्रावण अज्ञात द्रावणांत विक्रिया पुरी होईपर्यंत मोजून घालावयाचें व लागलेल्या घनफळावरून अज्ञाताचें प्रमाण काढावयाचें, या क्रियेस आपण ‘अनुमापन’ म्हणतों. शब्द चांगला आहे. परंतु ‘टायट्रेशन’ या मूळ शब्दांत मोजणें मुख्य नाहीं. फ्रेंच टांकसाळींत ‘तित्र’ म्हणजे सोन्यारुप्याचा कस. हा अर्थ ध्यानांत न घेतां जुने ग्रंथ वाचल्यास घोटाळा कसा होतो, तें येथें दाखवावयाचें आहे.

क्रिया शब्दाहून जुनी आहे. ज्योफ्रुआनें १७२९ त शिरक्याची तीव्रता पोटॅशनें, फेस येणें थांबेपर्यंत, तपासली होती. रूआंच्या देक्रोआझियनें १७९५ च्या सुमारास कापड शुभ्र करण्याच्या क्लोरीनच्या पाण्याचा जोर निळीच्या द्रावणानें मोजला. पण शब्दाचें मर्म कळण्यास पॅरिसच्या टांकसाळींतच गेलें पाहिजे. १८०३ च्या कायद्यानें रुप्याच्या नाण्याचा कस हजारांत ९०० ठरला होता. तो पाहण्याची जुनी रीत अशी कीं, रुपें शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशींत तापवावें. हिणकस मुशींत जिरे, शुद्ध रुपें वर राही. मात्र थोडें रुपेंही मुशींत जिरे, त्यामुळें कस खऱ्याहून कमी दिसे आणि कायद्याच्या मागणीहून अधिक रुपें नाण्यांत पडे! तोटा कोणाचा, हें सांगणें नलगे.

१८२९ त गे-ल्युसॅक टांकसाळीचा मुख्य कसपारखी झाला, आणि १८३२ त त्यानें ओल्या रीतीनें कस काढण्याचें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्याच्या १०० घन सेंटिमीटरांनीं बरोबर १ ग्रॅम शुद्ध रुप्याचा साका पडेल, अशा मिठाच्या पाण्यास तो ‘नॉर्मल’ म्हणतो. त्याच्या दशमांश तीव्रतेच्या पाण्याचा १ घन सेंटिमीटर म्हणजे १ मिलिग्रॅम रुपें. अर्थात् हजारांतील एक अंश कस थेट हातीं येतो. हिशेब किती सुटसुटीत! आजचा ‘नॉर्मल’ मात्र लिटरांत एक तुल्यभार, म्हणजे त्याच्या १०० घन सेंटिमीटरांनीं सुमारें १०.८ ग्रॅम रुप्याचा साका पडेल. नवा अर्थ जुन्या पानावर बसविणारा वाचक जवळजवळ अकरा पटींनीं चुकेल. गे-ल्युसॅकच्या लेखी ‘नॉर्मल’ म्हणजे केवळ त्या परीक्षेपुरतें ठरविलेलें प्रमाण, असेंच आम्ही समजतों.

‘दर्शका’चीही तीच गोष्ट. १८३२ च्या रीतींत रंग बदलणारा निराळा पदार्थ नाहीं. बाटली हालवून साका खालीं बसूं द्यावयाचा, वरच्या निवळ पाण्यांत पुढचा थेंब घालावयाचा. गढूळपणा उठेनासा झाला कीं थांबावयाचें. क्रोमेटच्या लाल रंगाची खूण मोरनें पुढें १८५६ त आणली. त्याच्या आदल्याच वर्षीं निघालेल्या त्याच्या जर्मन ग्रंथाच्या नांवांत ‘टिट्रिर’ हें पद आलें आहे. त्या ग्रंथांतील टिट्रिर केवळ रुप्यापुरतें नाहीं, अम्लें, अल्कली, लोह इत्यादि कितीएक पदार्थ त्यांत तपासले आहेत.