चौसष्ट मागांचे सात धनी

अहमदाबादच्या गिरण्यांचा इतिहास लिहू लागले की बहुतेकांची लेखणी १९१८ च्या संपापाशी, गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपोषणापाशी आणि त्या झगड्यात अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूला, तर त्यांच्या भगिनी अनसूयाबेन मजुरांच्या बाजूला उभ्या होत्या या विलक्षण योगापाशी रेंगाळते, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र तो तंटा मजुरीचा होता. काम कोणत्या रीतीने व्हावे, हा प्रश्न त्यात नव्हता. तो उपस्थित झाला पस्तीस वर्षांनी, १९५३ मध्ये, अहमदाबाद अद्याप मुंबई राज्यात मोडत असताना, अंबालालांचेच चिरंजीव गौतम साराभाई यांच्या कॅलिको मिलच्या एका मागशाळेत.

तेथे नुकतेच स्वयंचलित माग बसले होते. कांडीतले सूत संपत आले की यंत्रच नवी कांडी पुढे करी, आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. २२४ मागांवर २९ माणसे आणि त्यांच्यात १२ प्रकारची कामे, असा चोख बंदोबस्त तज्ज्ञांनी लावून दिला होता: ८ विणकर, ५ कांड्या भरणारे, ३ तुटलेला ताणा सावरणारे, मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारे २ जॉबर, शिवाय तेलवाला, झाडूवाला, हवेतला ओलावा राखणारा फिटर इत्यादी. विणकराकडे २४ ते ३२ माग, जॉबरकडे ११२, तेलवाल्याकडे सगळेच. म्हणजे, हिशेब करूनच पाहायचा तर, एका विणकराच्या वाट्याला कांडीवाल्याचे पाच-अष्टमांश आणि ताणेवाल्याचे तीन-अष्टमांश येत होते! अर्धामुर्धा माणूस हाक मारल्यावर येणार कसा, हा विचार बहुधा आखणीकाराच्या मनास शिवला नसावा. ताणा तुटून माग उभा राहिला आणि त्याच वेळी ताणेवाला दुसऱ्या विणकराच्या मागावर ओणवा झालेला असला, तर पहिल्याने वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. एवढा खर्च करूनही साध्या मागांहून सरस माल निघेना.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस सल्लागार म्हणून आले असता, कामाचे तुकडे न पाडता काही माग आणि ते चालवणारी सर्व माणसे यांचा एकेक गट करावा, अशी कल्पना त्यांनी व्यवस्थापकांपुढे मांडली. ती चर्चा मागशाळेत पोहोचली, आणि एरवी अशी योजना अंमलात येण्यास जे फर्मान, जी मुदत आणि जी कुरकुर लागते, त्यांपैकी कशाचीही वाट न पाहता कामगारांनीच ती उचलून धरली. एकमेकांना निवडून त्यांनी आपले गट स्वतःच जुळवले. ६४ माग, सात माणसे. ज्याच्या हाताला सवड असेल त्याने शेजाऱ्याचे काम सावरायचे.

ग्रंथांतून या प्रयोगाचे श्रेय राईस यांच्या पदरी पडते आणि कल्पनेपुरते ते रास्तही आहे. पण कोणाचे कोणाशी जुळते हे जाणून सात माणसे वेचणे कोणत्याही अधिकाऱ्याच्या अखत्यारीत नव्हते, किंबहुना त्याच्या बुद्धीच्याही आवाक्यात नव्हते, असे मला वाटते. हातमागाच्या घरात एकजण विणतो, दुसरा कांड्या भरतो, तिसरा ताणा सांधतो, आणि कामाच्या ओघात या भूमिका बदलतही जातात. यंत्रयुगाने मोडलेली ती घडी मजुरांनी पोलादी मागांभोवती पुन्हा बसवली, असे म्हणण्याचा मोह होतो.

परिणाम अल्पावधीतच दिसला. मागांची कार्यक्षमता शेकडा ८० वरून ९५ च्या आसपास गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ वरून २० वर उतरले. पुढे ही पद्धत गिरणीतील साध्या मागांवरही नेण्यात आली.

१९७० मध्ये, राईस यांच्या निधनानंतर, त्यांचे सहकारी एरिक मिलर फेरतपासणीसाठी तेथे गेले. काही ठिकाणी गटपद्धती ढासळली होती. एका ठिकाणी मात्र ती आणि तिचे उत्पादन, दोन्ही जवळजवळ जसेच्या तसे टिकून होते.