चामड्याची पट्टी आणि ब्रुनेलची हवेवर धावणारी रेल्वे

सप्टेंबर १८४७मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्झिटर ते टेनमथ या समुद्रालगतच्या मार्गावर, प्रवासी गाड्या इंजिनाविना धावू लागल्या. त्यांना ढकलीत होती ती केवळ हवा. या साउथ डेव्हन रेल्वेचा अभियंता होता इझंबार्ड किंगडम ब्रुनेल.

कल्पना मूळची त्याची नव्हे; ती सॅम्युएल क्लेग आणि समुदा बंधूंची. रुळांच्या मधोमध १५ इंच व्यासाचा लोखंडी नळ आणि त्यात एक दट्ट्या. सुमारे दर ३ मैलांवर इंजिनघर. तेथील वाफेचे पंप दट्ट्यापुढची हवा उपसून काढीत, मागून वातावरणाचा दाब दट्ट्याला रेटी आणि गाडी निघे. डब्यांत ना धूर, ना ठिणग्या. वेग ताशी ६० मैलांपलीकडे गेल्याच्याही नोंदी आहेत.

पण दट्ट्या नळाच्या आत आणि गाडी बाहेर! दोहोंना जोडणारा दांडा सरकावा म्हणून नळाच्या माथ्यावर अखंड फट ठेवणे भाग होते. ती झाकण्यासाठी चामड्याची लांब पट्टी बसवली. तिची एक कड पक्की, वर-खाली लोखंडी पत्रे, आणि मोकळ्या कडेला मेण व चरबीचा लेप. दांडा आला की पट्टी उचलली जाई, गेला की पुन्हा दाबून बसवली जाई.

आयर्लंडमधील डॉकी येथे याच रचनेची रेल्वे १८४३पासून तब्बल ११ वर्षे चालली. म्हणजे पट्टी मुळातच कुचकामी होती असे म्हणता येत नाही. मात्र तो मार्ग जेमतेम पावणेदोन मैलांचा होता. जानेवारी १८४८मध्ये डेव्हनची हवाई रेल्वे न्यूटन अ‍ॅबटपर्यंत पोहोचली, तेव्हा हवाबंद राखायचा सांधा २० मैलांचा झाला. बॉयलर गळला तर गळती एका जागी सापडते. येथे ती कोठेही असू शकत होती, आणि प्रत्येक गाडीसरशी संपूर्ण पट्टी उघडत-मिटत होती.

थंडीत चामडे ताठरले. फटीतून हवा आत शिरू लागली, पंपांना अधिक राबावे लागले, कोळसा अधिक जळू लागला. त्यात इंजिनघरे बराच काळ तारायंत्राने जोडलेली नव्हती. गाडीला उशीर झाला तरी पंप वेळापत्रकाबरहुकूम चालत आणि गळकी हवाच उपसत राहत. पुढे पत्र्यांच्या सांध्यांशी चामड्याला भेगा पडल्या आणि १८४८च्या उन्हाळ्यात ते लांबच लांब फाटले. लोखंडाचा गंज आणि चामड्यातील टॅनिन यांच्या संयोगानेही त्याचा कस गेला होता.

उंदरांनी चरबीच्या लोभाने पट्टी कुरतडली, ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. ब्रुनेलने ऑगस्टमध्ये संचालकांना दिलेल्या अहवालात मात्र दोष आहे तो फाटलेल्या चामड्याचा. उंदीर लोकांच्या लक्षात राहिले, कारण गंजापेक्षा ते अधिक रंजक आहेत.

सारी पट्टी बदलण्याऐवजी ब्रुनेलने स्वतःच माघारीचा सल्ला दिला. सप्टेंबर १८४८मध्ये, जेमतेम वर्षभरात, हवाई गाड्या थांबल्या आणि वाफेची इंजिने आली. सुमारे ४ लाख पौंड पाण्यात गेले.

न्यूटन अ‍ॅबटच्या पुढचे डेंटनचे चढ मात्र तसेच राहिले. हवेच्या जोरावर गाड्या ते सहज चढतील, या भरवशावर ते इतके तीव्र ठेवले होते. प्लिमथकडे जाणाऱ्या गाड्या आजही तोच चढ चढतात.