अर्धे पदक

मातृत्वाचा गौरव करावयाचा म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर पवित्र मरियेच्या मांडीवरील बाळ येशू उभा राहतो. इटलीतील फ्लॉरेन्स शहर म्हणजे अशा चित्रांचे माहेरघरच होय. परंतु याच शहरातील एका संग्रहालयात बाळे पुष्कळ आढळतात, त्यांच्या आया मात्र दिसत नाहीत. 'इनोचेंती' हे त्याचे नाव. हेरोद राजाने बेथलेहेमात ज्या निष्पाप बालकांची कत्तल केली, त्यांच्यावरून ते पडले आहे.

मुळात हा टाकून दिलेल्या अर्भकांचा आश्रम. प्रातो येथील व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० साली निवर्तला, तेव्हा त्याने अशा आश्रमासाठी मृत्युपत्रात एक हजार फ्लोरिन ठेवले होते. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने ते कार्य हाती घेतले आणि १४१९ साली वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीने इमारतीला आरंभ केला. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी, संत आगाथाच्या सणादिवशी, तेथे पहिले बाळ आले. ती मुलगी होती. सणावरून तिचे नाव आगाता ठेवण्यात आले. पुढेही तेथे मुलांपेक्षा मुलीच अधिक आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या बाळांच्या आया कोण होत्या? काही दारिद्र्याने गांजलेल्या होत्या, तर काही श्रीमंतांच्या घरी राबणाऱ्या मोलकरणी आणि गुलाम स्त्रिया होत्या. कित्येकदा मुलाचा बाप घरचा धनीच असे. त्याची अब्रू झाकली जाई आणि आईच्या कुशीतले मूल मात्र आश्रमात जाई. त्यांतील काहींना तर स्वतःचे तान्हे दूर धाडून परक्यांच्या मुलांना दूध पाजावे लागे. आश्रमातील अर्भकेही खेड्यापाड्यांतील दाईंकडे मजुरीवर सोपविली जात. त्यांतील पुष्कळ दगावत, हे कटू सत्य लपवून चालणार नाही.

तरीही आश्रमाने एक मोलाची गोष्ट केली. प्रत्येक बाळ कोणत्या वस्त्रात आले, त्याच्यासोबत काय होते, याची तेथे नोंद होत असे. आज संग्रहालयातील छोट्या छोट्या खणांत एकोणिसाव्या शतकातील अशा खुणा जपल्या आहेत. जपमाळेचा मणी, काचेचा तुकडा, बटण, आणि मधोमध कापलेले पदक. अर्धे पदक बाळाच्या गळ्यात आणि उरलेले अर्धे आईजवळ. दिवस पालटले, की ती येईल, दोन्ही तुकडे जुळवून दाखवील आणि आपले लेकरू परत मागेल, अशी त्यामागची आशा. बहुतेक आया परत येऊ शकल्या नाहीत. बाळ ठेवण्याची व्यवस्था १८७५ साली बंद झाली.

कलावंतांनीही या दुःखाकडे पाठ फिरविली नाही. आंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ साली दर्शनी कमानींवर निळ्या पार्श्वभूमीची वर्तुळे बसविली. प्रत्येकात दुपट्यात गुंडाळलेले एक शुभ्र बाळ हात पसरून उभे आहे. पुढच्याच वर्षी गिर्लांदायोने आश्रमाच्या ख्रिस्तमंदिरातील वेदीसाठी तीन राजांच्या वंदनाचे चित्र पूर्ण केले. त्यात बाळ येशूपुढे दोन जखमी बालके गुडघे टेकून बसली आहेत आणि मागे दूरवर बेथलेहेमातील कत्तल चालू आहे. वेदीसमोर प्रार्थना करणाऱ्यांना मरियेचे मातृत्व आणि त्या अभागी मातांचा आक्रोश एकाच चौकटीत दिसत असे.

हे चित्र आपल्याही धर्मग्रामाला काही सांगते. मरियेला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा योसेफाने तिला गुपचूप सोडून देण्याचा विचार केला होता. म्हणजे आपण जिच्या गळ्यात फुलांचे हार घालतो, ती माताही एके काळी लोकापवादाच्या उंबरठ्यावर उभी होती. योसेफाने तिला घरात घेतले, म्हणून बाळ येशूला घर मिळाले. आपल्या गावात एखादी मुलगी अशा संकटात सापडते, तेव्हा तिच्यासाठी आपले दार उघडते, की कुजबुज सुरू होते?

इनोचेंतीचे संग्रहालय २०१६ साली नव्याने खुले झाले. स्त्रियांचा इतिहास आपण बहुधा राण्यांच्या आणि संतांच्या चरित्रांतून वाचतो. येथे तो एका अर्ध्या पदकावर लिहिलेला आहे. आश्रमाने आपला अर्धा तुकडा शतकाहून अधिक काळ सांभाळला. उरलेला अर्धा कोणा अनामिक आईने मरेपर्यंत जपला असेल. तिच्यासाठी आज एक 'नमो मरिया' म्हणूया.